पैनगंगेपलीकडचा परदेश

(कनेरगाव नाका, जि. हिंगोली येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘परदेश’ हा शब्द उच्चारला की आज डोळ्यांपुढे समुद्र येतो, विमानतळ येतो, पारपत्र येते. घरातला मुलगा अमेरिकेस निघाला की आई लाडवांचे डबे भरते, वडील मुंबईपर्यंत पोहोचवायला जातात आणि गावात पेढे वाटले जातात. परंतु ज्या गावात आज ही सभा भरली आहे, त्या गावाच्या दृष्टीने परदेश एके काळी समुद्रापलीकडे नव्हता. तो पैनगंगेपलीकडे होता. तेथे जाण्यासाठी बैलगाडी पुरत असे आणि बैलगाडी नसली तर पाय पुरत असत.

गावाच्या नावातच त्याची साक्ष आहे. नाका म्हणजे रस्त्यावरचे तपासणीचे ठाणे. महाराष्ट्रात नाके पुष्कळ होते. बहुतेक नगरपालिकांच्या जकातीचे. परंतु हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या या वाटेवर संपत होती ती एखाद्या नगरपालिकेची हद्द नव्हे. येथे निजामाचे हैदराबाद संस्थान संपत असे आणि पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमलाचा मुलूख, सुरू होत असे. वऱ्हाडातील माणसे अलीकडच्या भागाला ‘मोगलाई’ म्हणत. मोगल जाऊन शतके लोटली तरी शब्द राहिला होता आणि त्या शब्दात थोडी कीवही मिसळलेली होती.

संस्थानाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणत. बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पाच या दराने जकात बसे. गाडीतील पोती उतरवायची, माल दाखवायचा, उर्दूत लिहिलेली पावती घ्यायची आणि ती वाचता येत नसली तरी जपून ठेवायची, हा शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा नित्याचा अनुभव. पैसाही हद्दीवर बदलत असे. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. साधारणपणे सात हाली रुपये दिले की सहा कलदार हाती येत. टपालाची तिकिटे निराळी, न्यायालयाची भाषा निराळी, महसुली साल फसली. हिंगोलीला आगगाडी पूर्णेहून १९१२ साली आली, पण ती हिंगोलीलाच थांबली. वाशीम इतके जवळ असूनही रूळ पुढे गेले नाहीत; ते जोडायला स्वातंत्र्य यावे लागले.

ही हद्द कोणी आखली? देवाने नव्हे, भाषेने नव्हे, लोकांनी तर नव्हेच. वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती आणि तिच्या राज्याला पैनगंगेचे पाणी अडवीत नव्हते. पुढे अनेक राजवटी आल्या आणि गेल्या, तरी दोन्ही काठ बहुधा एकाच अंमलाखाली राहिले. फाटाफूट झाली ती १८५३ साली. हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज होती. नाव निजामाचे, अधिकारी इंग्रज आणि खर्च संस्थानाच्या माथी. हा खर्च थकला, कर्ज वाढले आणि त्याच्या फेडीसाठी कंपनी सरकारने वऱ्हाडाचा कारभार आपल्या हाती घेतला. मौज अशी की, ज्या फौजेच्या पायी वऱ्हाड असा गहाण पडला, तिची एक छावणी आपल्या हिंगोलीतच होती. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडावर वऱ्हाड कायमचा पदरात पाडून घेतला. निजामाच्या दप्तरी वऱ्हाड आपलाच राहिला, त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवीही १९३६ साली मिळाली. वऱ्हाडातील शेतकऱ्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. एका हिशेबाच्या वहीतून एका समाजाचे दोन तुकडे झाले.

समाजाने ती वही कधी मानली नाही. अलीकडच्या लेकी पलीकडे दिल्या जात आणि पलीकडच्या अलीकडे. वाशीमच्या बालाजीला मोगलाईतील माणूस नवस बोले आणि औंढ्याच्या नागनाथाला वऱ्हाडातील गाड्या येत. नरसीला नामदेवांच्या जन्मस्थानी दोन्हीकडच्या दिंड्या टाळ वाजवीत येत. हिंगोलीच्या दसऱ्याची ख्याती तर नदीने कधी अडवली नाही. बाळंतपणासाठी माहेरी निघालेली लेक ‘परराज्यात’ जात आहे, असे तिच्या मनात येण्याचे काही कारणच नव्हते.

नामदेवांचे नाव निघाले, तेव्हा एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. देश सोडणे हे नेहमी दुःखाचेच असते असे नाही. नरसीचा हा भक्त पंढरपुरी गेला आणि तेथून थेट पंजाबात पोहोचला. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले आणि त्यांच्या ६१ रचना गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाल्या. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरले, ते उगीच नव्हे. उलट दिशेने गुरू गोविंदसिंग पंजाबातून दक्षिणेत आले आणि १७०८ साली नांदेडला त्यांनी देह ठेवला. आपल्या या टापूतून एक वाट उत्तरेकडे गेली आणि उत्तरेकडून एक वाट येथे आली. या दोन्ही वाटा पायांनी निवडलेल्या होत्या. कोणी मागून ढकलले नव्हते.

निवडलेली वाट आणि लादलेली वाट यांच्यामध्ये आणखी एक वाट असते. राहता येते, पण राहून वाढता येत नाही, अशा वेळी माणूस तिच्यावर पाऊल ठेवतो. निजामी राज्यात मराठवाड्याच्या दोन पिढ्या या वाटेने गेल्या. संस्थानाचे १६ जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. प्रजेत हिंदू मोठ्या बहुसंख्येने. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दू. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी हवी. सभा घ्यायची तर १९२९ची ‘गश्ती क्रमांक ५३’ आडवी येई. मराठीत शिकावे, मराठीत बोलावे, मोकळेपणाने चार माणसे जमवावी, अशी इच्छा असलेल्या तरुणाने काय करावे? त्याने पुणे गाठले, नागपूर गाठले. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती मोडली आणि शेकडो विद्यार्थ्यांवर बडतर्फीची कुऱ्हाड पडली. त्यांच्यातील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. याच आंदोलनामुळे नागपूरला जावे लागलेला एक तेलुगू तरुण पुढे भारताचा पंतप्रधान झाला, पी. व्ही. नरसिंह राव. ते मराठी उत्तम जाणत, याचे अनेकांना नवल वाटे.

माणसेच नव्हेत, तर वर्तमानपत्रही परागंदा झाले. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक मराठवाड्यासाठी होते, परंतु १९३८ साली ते निघाले पुण्यातून. संस्थानात त्याच्यावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा निघे, त्या नावावर बंदी आली की आणखी एका नावाने. आपल्या प्रदेशाचे नाव धारण करणाऱ्या पत्राला आपल्याच प्रदेशात चोरून शिरावे लागावे, यापेक्षा त्या राजवटीचे नेमके वर्णन दुसरे कोणते करता येईल?

आणि मग १९४७ उजाडले.

जून महिन्यात सातवा निजाम मीर उस्मान अली याने जाहीर केले की, इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. ७ ऑगस्ट रोजी स्टेट काँग्रेसने ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्ट रोजी वाशीमला तिरंगा उघड्यावर फडकला. अलीकडच्या तीरावर तोच ध्वज हाती धरणे गुन्हा होता. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. जो परदेश कालपर्यंत इंग्रजांचा होता, तो एका रात्रीत स्वदेश झाला आणि पायांखालची स्वतःची भूमी परदेश ठरली. देश माणसाला सोडून पलीकडे गेला. नदी तेवढी मध्ये उरली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. दिल्लीच्या दृष्टीने तो श्वास घेण्याचा अवधी होता. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांच्या दृष्टीनेही तो अवधीच होता, मात्र निराळ्या कामाचा. खेड्यापाड्यांतून लूट, जाळपोळ, खंडणी आणि स्त्रियांची विटंबना यांचे सत्र सुरू झाले. पोलीस पाठीशी आहेत हे ठाऊक असलेल्या टोळीला शस्त्र फार चालवावे लागत नाही. तिच्या येण्याची आवईसुद्धा गाव रिकामे करते. अशी गावे रिकामी झाली. सोलापूर, बार्शी, अहमदनगर, मनमाड, बुलढाणा आणि आपल्या समोरचा वऱ्हाड येथे माणसांचे लोंढे येऊन थडकू लागले.

निर्वासितांचा इतिहास लिहिला जातो तो आकड्यांनी. परंतु घर सोडण्याचा निर्णय आकड्यांनी होत नाही. तो एका चुलीभोवती, कुजबुजत्या आवाजात होतो. कधी निघायचे, हा पहिला प्रश्न. दिवसा निघावे तर नाक्यावर अडवतील, रात्री निघावे तर वाटेत गाठतील. काय न्यायचे, हा दुसरा. दागिने अंगावर घालावेत तर भय, मागे ठेवावेत तर खात्री नाही. देव्हाऱ्यातील टाक पदराला बांधता येतात. धान्याचे पेव पाठीवर घेता येत नाही. गुरांचे काय? दावणीला बांधून ठेवली तर उपाशी मरतील, सोडून दिली तर पुन्हा मिळणार नाहीत. म्हाताऱ्या माणसांचे काय? घरातील वृद्धाने ‘तुम्ही जा, मी घर राखतो’ असे म्हणणे हे मराठवाड्याच्या अनेक कुटुंबांच्या आठवणीत आहे.

सर्वांत कठीण प्रश्न मातीचा. १९४८चा मृग तोंडावर आला होता. शेतकऱ्याला माघात अथवा चैत्रात घर सोडणे एक वेळ जमते. पेरणीच्या दिवसांत पाय निघत नाही. पेरावे तर कापायला आपण असू की नाही ठाऊक नाही, न पेरावे तर पुढल्या वर्षी खायचे काय? म्हणून पुष्कळांनी घर अर्धे केले. बायकामुले नदीपलीकडे सोयऱ्यांकडे धाडली आणि पुरुष पेरणीला मागे राहिले. पावसाळ्यात पैनगंगेला पूर येतो. मग या अर्ध्या घराला त्या अर्ध्या घराची खबर आठवडा-आठवडा लागत नसे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्याकडे ती फारशी बोलली जात नाही. पलीकडे जाण्याची सोय सर्वांना सारखी नव्हती. ज्यांची वाशीम-अकोल्याला सोयरिक होती, व्यापारी पेढीची ओळख होती, गाठीला चार पैसे होते, ते लवकर निघू शकले. ज्याचे हातावर पोट, त्याने कोणाच्या ओसरीवर उतरावे? गावकुसाबाहेरच्या माणसाला तर पलीकडच्या गावातही गावकूसच आडवे येणार होते. नोव्हेंबर १९४७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तान व हैदराबाद येथील अनुसूचित जातींना उद्देशून निवेदन काढले आणि हैदराबादेतील आपल्या बांधवांनी निजामाची बाजू घेऊ नये, असे निःसंदिग्ध शब्दांत बजावले. ज्यांना समाजाने शतकानुशतके दूर ठेवले, त्यांना राष्ट्राच्या बाजूने उभे राहण्याचा हा सल्ला होता. त्या दिवसांत पलीकडच्या किती घरांनी त्यांच्यासाठी दार उघडले, याचा हिशेब समाजाने स्वतःपाशी तरी मांडावयास हवा.

नदी ओलांडून गेलेल्यांपैकी सगळेच नुसते आसऱ्याला बसले नाहीत. सरहद्दीवर ठिकठिकाणी स्टेट काँग्रेसच्या लढ्याची केंद्रे उभी राहिली. लोक त्यांना ‘कॅम्प’च म्हणत. वऱ्हाडातील उमरखेडचे केंद्र त्यांतील प्रसिद्ध. येथून तरुण रात्री नदी उतरत, करोडगिरीची ठाणी उधळत, दप्तरे जाळत आणि पहाटेपूर्वी परत फिरत. ज्या नाक्यावर बापाने मान खाली घालून जकात भरली होती, त्याच प्रकारच्या नाक्यावर मुलगा चालून जाऊ लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे बँकेवर छापा घालून लढ्यासाठी लाखो रुपये नेण्यात आले आणि त्या पैशाचा हिशेब मुक्तीनंतर देण्यात आला. आपल्या वसमत भागाचे बहिर्जी शिंदे वापटीकर रझाकारांशी लढताना धारातीर्थी पडले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. तेथून शिकून बाहेर पडलेल्या किती विद्यार्थ्यांना बहिर्जी कोण हे सांगता येईल, हा प्रश्न त्रासदायक आहे, पण विचारायला हवा.

‘गेले ते पळाले’ असे म्हणणारे तेव्हाही होते. मागे राहून ज्यांनी सोसले, त्यांच्या मनात परतलेल्यांविषयी अढी राहिली आणि काही गावांत ती पिढीभर टिकली. ही अढी समजण्यासारखी आहे. जळते घर राखणाऱ्याला नदीपलीकडे सुरक्षित झोपलेल्याचा राग येणारच. परंतु ज्यांनी लेकीसुनांना वाचवण्यासाठी घर सोडले, त्यांना भित्रे ठरवण्याचा अधिकार घरात सुरक्षित बसून इतिहास वाचणाऱ्या आजच्या माणसाला खासच नाही. आणि याच काळात उलट्या वाटेने आलेला एक माणूसही विसरता येत नाही. स्वामी रामानंद तीर्थ हे पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे संस्थानाबाहेरचा, शिक्षण अमळनेर-पुण्याचे. लोक संस्थान सोडून शिकायला बाहेर जात होते, त्या दिवसांत हे गृहस्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आत आले, पुढे अंबाजोगाईला आले आणि परक्या राज्याचा तुरुंग त्यांनी आपला मानला.

देश सोडण्याचे दुःख अंतराने मोजता येत नाही. ते परतीच्या वाटेने मोजावे लागते. सात समुद्र ओलांडून गेलेला अभियंता दिवाळीला तिकीट काढून घरी येऊ शकतो, म्हणून तो प्रवासी. पैनगंगेपलीकडे दोन कोसांवर बसलेल्या माणसाला संध्याकाळी आपल्या गावचा धूर दिसतो, पण त्या धुराखालच्या चुलीपाशी जाता येत नाही, म्हणून तो निर्वासित. १५६०च्या सुमारास गोव्यातील कुठ्ठाळीच्या भाविकांनी मंगेशाला जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेले, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. अंतर केवढे? एका नदीचे. तेवढेच अंतर परत चालून येणे साडेचार शतकांत झाले नाही. देव जेथे गेले तेथेच राहिले आणि त्यांची मूळ गावे त्यांच्या कथेत उरली. सिंधमधून १९४७ साली निघालेले आपले बांधव कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्यांच्यासाठी सिंध आता केवळ राष्ट्रगीतात आहे. जानेवारी १९९०पासून काश्मीरचे पंडित आपल्याच देशात निर्वासित झाले. महाराष्ट्राने त्यांच्या मुलांना अभियांत्रिकी महाविद्यालयांतून राखीव जागा दिल्या, ही अभिमानाची गोष्ट. परंतु जागा पुण्यात मिळाली, श्रीनगरची वाट त्याने मोकळी झाली नाही.

या सर्वांच्या तुलनेत मराठवाड्याचे भाग्य थोर. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. तेरा महिन्यांची रात्र पाच दिवसांत सरली. सरदार पटेलांचा निर्धार नसता, तर पैनगंगेपलीकडच्या ओसऱ्यांवर टाकलेल्या पथाऱ्या किती वर्षे तशाच राहिल्या असत्या, याची कल्पना सिंधकडे पाहून करावी.

परतणे मात्र निघण्याइतकेच अवघड होते. दार मोडलेले, पेव उपसलेले, गुरे गेलेली. कोठे शेतात दुसऱ्याचा नांगर. आणि त्याच दिवसांत काही ठिकाणी दुसरा लोंढा निघाला. रझाकारांच्या पापाशी ज्यांचा काही संबंध नव्हता, अशा मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा वर्तवला. अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला आणि त्यातील आकड्यांवर वाद आहेत. आकडा कोणताही धरा, घर सोडून रात्री पोरे काखेत घेऊन पळणाऱ्या आईचा धर्म विचारून तिचे दुःख ठरवता येत नाही. ज्या ‘इमरोज’ पत्राचा संपादक शोएबुल्लाखान भारतात विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत मारला गेला, तो याच मातीचा मुसलमान होता. आपल्या हुतात्म्यांच्या यादीत त्याचे नाव घेताना जीभ अडखळता कामा नये.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. राज्याची हद्द पुसली गेली, उरली जिल्ह्याची. १९९८ साली वाशीम आणि १९९९ साली हिंगोली हे स्वतंत्र जिल्हे झाले, तेव्हा त्या जुन्या रेषेच्या दोन बाजूंना दोन नवी जिल्हाधिकारी कार्यालये आली, इतकेच. २०२० सालच्या टाळेबंदीत जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, पास मागितले जाऊ लागले आणि डोक्यावर बोचके घेतलेले मजूर रस्त्याने चालू लागले. नव्या पिढीने नाका नावाबाहेर प्रत्यक्षात पाहिला तो बहुधा तेव्हा.

त्या तेरा महिन्यांचे कागद मात्र एकांगी आहेत. सरहद्दीवरच्या केंद्रांत राहून ज्यांनी लढ्याचे काम केले, त्यांना केंद्र सरकारने पुढे सन्मान निवृत्तिवेतन दिले. त्यासाठी केंद्रप्रमुखाचा दाखला लागे. त्यातही बनावट दाखल्यांची प्रकरणे झाली, ती न्यायालयापर्यंत गेली, हे लाजिरवाणे सत्य लपवण्यात अर्थ नाही. पण जी बाई पोर पोटाशी धरून पैनगंगा उतरली आणि सात महिने कोणाच्या गोठ्यात राहिली, तिला कोण दाखला देणार? तिने कोणते ठाणे जाळले नव्हते. ज्या वाशीमकर गृहिणीने अशा दोन-तीन कुटुंबांसाठी आपल्या तव्यावरच्या भाकरी दुप्पट केल्या, तिचे नाव कोणत्या दप्तरात आहे? अनंत भालेरावांनी हैदराबादच्या लढ्याचा इतिहास लिहिला, आपल्याच भागातील नरहर कुरुंदकरांनी त्याची मीमांसा केली. परंतु गावोगावच्या चुलींपर्यंत पोहोचणे एकट्यादुकट्या विद्वानाचे काम नव्हे. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहेत. या सभेत अशा वयाची काही माणसे बसलेली आहेत. कोणत्या सोयऱ्यांकडे उतरलो, नदी कोठे ओलांडली, बैल कोणाकडे सोडले, परत आल्यावर घरात पहिल्यांदा काय दिसले, एवढे जरी नातवंडांनी यंदाच्या दिवाळीच्या सुटीत वहीत उतरवून घेतले तरी पुरे आहे.

लक्ष्मीपूजनाला या भागातील काही घरांत जुनी नाणी ताटात मांडतात. त्यांत एखादा हाली रुपया असतो, चारमिनारचे चित्र असलेला. हळदीकुंकू लागून लागून त्याची अक्षरे बुजलेली असतात. हेच नाणे कमरेला बांधून १९४८ साली घरचा कर्ता पुरुष नदी उतरला असेल, तर वाशीमच्या पेढीवर त्याला बट्टा सोसावा लागला असेल. जे नाणे मोडावे लागले नाही, तेच आज त्या ताटात आहे.